स्टिअरिंग किती काटायचं, हे भाव सांगतो

दादरच्या हिंदू कॉलनीत आम्ही राहतो. संध्याकाळी सातनंतर घरी आलं की उभ्या असलेल्या दोन गाड्यांमधली फट शोधायची आणि त्यात आपली गाडी बसवायची, हा रोजचा कार्यक्रम. मी गाडी उशिरा शिकले. सुरुवातीला समोरच्या इमारतीचे वॉचमनकाका उभे राहून सांगायचे. गाडी फटीत शिरलेली असे, पण फुटपाथपासून फूटभर लांब. "ताई, डावीकडे पूर्ण काटा आणि जरा पुढे घ्या. बास. आता उजवीकडे काटा, अजून पुढे. बास, बास. आता स्टिअरिंग सरळ करा आणि सरळ मागे या." गाडी पुन्हा होती तिथेच आलेली दिसे. मग काका वाकून चाकाकडे बघायचे आणि म्हणायचे, "चार बोटं आली आत. परत एकदा."

मी कॉलेजात गणित शिकवते. ती चार बोटं माझ्या डोक्यातून जाईनात, कारण गाडीला बाजूला सरकताच येत नाही. चाक पुढे जातं, मागे जातं, वळतं. आडवं घसरत नाही. तरीही पुढे, वळून पुढे आणि सरळ मागे एवढं केल्यावर गाडी आडवी सरकलेली असते. ज्या दिशेला जायला थेट मनाई आहे, तीच दिशा परवानगी असलेल्या हालचालींच्या अदलाबदलीतून हाती लागते. अशा बंधनांच्या जगात अंतर कसं मोजायचं, सर्वांत जवळचा रस्ता कोणता आणि त्या जगाचा आकार कसा, याचा अभ्यास म्हणजे सब-रीमानियन भूमिती.

काकांच्या चार बोटांचा हिशेब मांडून बघू. गाडी जास्तीत जास्त वळली तर ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरते असं धरा, आणि फटीत पुढे-मागे करायला एकूण १ मीटर जागा आहे. अर्धा मीटर डावीकडे काटून पुढे, अर्धा मीटर उजवीकडे काटून पुढे, मग सरळ १ मीटर मागे. एका फेरीत गाडी साधारण ५ सेंटिमीटर आत येते. फूटभर आत यायचं तर सहा फेऱ्या, म्हणजे सुमारे १२ मीटर गाडी चालवावी लागते. आता जागा निम्मी करा, अर्धाच मीटर. आपल्याला वाटेल एका फेरीत अडीच सेंटिमीटर तरी मिळेल. मिळतो सव्वा सेंटिमीटर. जागा निम्मी झाली की मिळकत चौथाई होते. तेच फूटभर अंतर कापायला आता चोवीस फेऱ्या लागतात.

हा वर्ग, म्हणजे निम्म्याचा चौथा हिस्सा, या भूमितीच्या मुळाशी आहे. मनाईच्या दिशेने थोडंसं जाण्याची किंमत त्या थोड्याच्या प्रमाणात नसते. ती त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, आणि छोट्या संख्येचं वर्गमूळ तिच्यापेक्षा बरंच मोठं असतं.

पण असं करून कुठेही पोचता येतंच याची खात्री काय? ती राशेव्हस्की यांनी १९३८ मध्ये आणि वेई-लियांग चाओ यांनी १९३९ मध्ये स्वतंत्रपणे दिली. परवानगीच्या हालचालींची अशी अदलाबदल करत गेल्यावर जर प्रत्येक ठिकाणी सगळ्या दिशा निर्माण होत असतील, तर कोणत्याही अवस्थेतून कोणत्याही अवस्थेत जाता येतं. गाडीच्या बाबतीत त्या होतात, म्हणूनच गाड्या लागतात.

गाडी हे उदाहरण ओळखीचं आहे, पण हिशेबाला किचकट. या विषयातले लोक पहिला प्रयोग नेहमी आणखी साध्या जगावर करतात. त्याला हायझेनबर्ग समूह म्हणतात, कारण पुंजभौतिकीत स्थान आणि संवेग यांच्यात क्रम बदलला की उत्तर बदलतं, तसंच नातं इथल्या दोन हालचालींमध्ये असतं. नाव भारदस्त असलं तरी जग शिवाजी पार्कावर उभं करता येतं.

मैदानाच्या मधोमध एक खुंटी ठोका. तिला लांब ताणणारी दोरी बांधा आणि दोरीचं दुसरं टोक आपल्या कमरेला. आता काळ्यापिवळ्या टॅक्सीत असायचा तसा एक मीटर गळ्यात अडकवा. हा मीटर चाललेलं अंतर मोजत नाही, दोरीने झाडून काढलेलं क्षेत्रफळ मोजतो. खुंटीकडे किंवा खुंटीपासून सरळ चाललात तर दोरी काहीच झाडत नाही, मीटर थांबलेला. घड्याळाच्या उलट दिशेने फिरलात तर आकडा वाढतो, घड्याळाच्या दिशेने फिरलात तर तितकाच कमी होतो. कुठूनही निघून, वेढा घालून निघाल्या जागी परत आलात की मीटर नेमका वेढ्याच्या आतल्या क्षेत्रफळाइतका हललेला असतो. खुंटी वेढ्याबाहेर असली तरी, कारण परत येताना दोरी जास्तीचं वजा करत येते.

आपली अवस्था म्हणजे तीन आकडे: मैदानावरची जागा सांगणारे दोन आणि मीटरवरचा एक. हातात फक्त चालणं आहे. मीटरला हात लावून आकडा फिरवता येत नाही. दोन अवस्थांमधलं अंतर म्हणजे एकीतून दुसरीत जायला किमान किती चालावं लागेल ते.

समजा मला इथेच उभं राहायचंय, पण मीटरवर १०० चौरस मीटर जास्त हवेत. मग मला १०० चौरस मीटरचा वेढा घालून परत यायला हवं, आणि दिलेल्या क्षेत्रफळासाठी सर्वांत कमी परीघ वर्तुळाचा. हिशेब केला तर साधारण ३५.४ मीटर चालावं लागतं. मीटर फक्त १ चौरस मीटरने वाढवायचा असेल तर ३.५४ मीटर. एक शतांश चौरस मीटर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढी जागा, त्यासाठीही ३५ सेंटिमीटर. पुन्हा तेच वर्गमूळ.

आणि हे वर्तुळ काढायला निघायचं कोणत्या दिशेने? कोणत्याही. समुद्राकडे तोंड करून निघा, दादर स्टेशनकडे तोंड करून निघा, त्याच मापाचं वर्तुळ पुरं होतं आणि चाल तेवढीच पडते. म्हणजे सर्वांत जवळचे रस्ते एक-दोन नाहीत, अगणित आहेत. पृथ्वीच्या गोलावरही असं घडतं, पण फार लांब. मुंबईच्या नेमक्या उलट बाजूला, प्रशांत महासागरात जो बिंदू येतो, तिथे जायला पृथ्वी अगदी गोल धरली तर सगळ्या दिशा सारख्याच लांबीच्या. मीटरच्या जगात ती उलट बाजू शेजारीच असते. कितीही जवळ बघा, जागा तीच आणि मीटर केसभर वेगळा अशी अवस्था असतेच, आणि तिच्याकडे जायचे सर्वांत जवळचे रस्ते अगणित असतात.

आता मातीच्या ढिगांकडे वळते, कारण मला ज्या गोष्टीविषयी लिहायचंय ती या दोन्हींच्या सांध्यावर आहे.

ही मुंबई भरावावर उभी आहे. १७८० च्या दशकात महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खाडीचं तोंड हॉर्नबी वेलार्ड नावाच्या बांधाने बंद केलं; आजचा लाला लजपतराय मार्ग त्यावरूनच जातो. भर टाकायची तर कुठून तरी उचलावी लागते, आणि वाहून न्यायला माणसं आणि बैल लागतात. त्याच सुमारास, १७८१ मध्ये, फ्रान्समध्ये गास्पार मोंज यांनी हाच प्रश्न गणितात मांडला. इतकी माती इथून खणायची, इतकी भर तिथे घालायची. कोणता कण कुठे नेला तर वाहतुकीचे एकूण कष्ट सर्वांत कमी होतील? ऑप्टिमल ट्रान्सपोर्ट हा विषय इथून सुरू होतो.

एक लहान उदाहरण. दादर, माटुंगा, शीव ही तीन ठिकाणं एका रेषेत, सारख्या अंतरावर धरा. रेतीचा एक ट्रक दादरला आहे, एक माटुंग्याला. गरज माटुंग्याला एका ट्रकची आणि शीवला एका ट्रकची. दोन्ही ट्रक एकेक स्टेशन पुढे सरकवा, किंवा माटुंग्याचा तिथेच ठेवून दादरचा थेट शीवला न्या. साधं अंतर मोजलं तर दोन्हींचा खर्च सारखा, दोन. पण अंतराचा वर्ग मोजला तर पहिल्या रीतीत १ आणि १ मिळून २ होतात, दुसऱ्या रीतीत ४. वर्गाचा हिशेब लांबच्या फेऱ्यांना भारी दंड करतो, म्हणून तो निवड स्पष्ट करतो. पुढे जिथे जिथे खर्च म्हणेन, तिथे अंतराचा वर्गच समजा.

मोंज यांचा प्रश्न दीडशे वर्षांहून जास्त काळ जवळपास जागेवरच राहिला. त्याला नवी वाट दिली ती लिओनिद कांटोरोविच यांनी. १९३९ मध्ये सोव्हिएत प्लायवूड उद्योगाच्या यंत्रांचं वेळापत्रक लावता लावता त्यांना जी पद्धत सापडली, तीच १९४२ मध्ये त्यांनी वाहतुकीला लावली. १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना आणि त्यालिंग कूपमन्स यांना मिळालं. त्यांची कल्पना मला अजून तितकीच सुंदर वाटते, म्हणून इथे जरा थांबते.

समजा एक मुकादम येतो आणि म्हणतो, तुम्ही वाहतुकीचा विचारच करू नका. ज्या ज्या ठिकाणी रेती आहे तिथे मी तुमच्याकडून ती विकत घेतो, आणि ज्या ज्या ठिकाणी हवी आहे तिथे तुम्हाला परत विकतो. प्रत्येक जागेचा भाव तो लावणार. अट एवढीच की कोणत्याही दोन जागांच्या भावांतला फरक तुमच्या स्वतःच्या वाहतूकखर्चापेक्षा जास्त नको, नाहीतर तुम्ही आपली रेती आपणच न्याल. मुकादमाला या अटीत जास्तीत जास्त किती कमाई करता येईल? कांटोरोविच यांनी दाखवलं की ती बरोबर तुमच्या किमान खर्चाइतकी असते. शिवाय सर्वोत्तम नियोजनात जो कण जिथून जिथे खरोखर जातो, तिथे भावांतला फरक वाहतूकखर्चाइतकाच असतो, एक पैसाही कमी नाही.

याचा अर्थ असा की भावांचा नकाशा हाती आला की नियोजन हाती आलं. एका जागी उभं राहून भाव आजूबाजूला किती चढतो-उतरतो ते बघायचं. सर्वोत्तम जागी भावाचा उतार आणि खर्चाचा उतार एकमेकांना तोलून धरतात, आणि खर्चाचा उतार कळला की कण कोणत्या दिशेला, किती लांब जाणार ते कळतं. सपाट मैदानावर हे सगळं काटेकोरपणे यान ब्रेनिए यांनी १९८७ मध्ये मांडलं. रेती नीट पसरलेली असेल, एखाद्या रेषेत किंवा बिंदूत दाटलेली नसेल, तर सर्वोत्तम नियोजन एकच असतं आणि ते एका वाडग्यासारख्या पृष्ठभागाच्या उतारातून वाचता येतं. २००१ मध्ये रॉबर्ट मॅकॅन यांनी तेच पृथ्वीच्या गोलासारख्या वळलेल्या जागांवर करून दाखवलं.

मग पुढचा प्रश्न उघडच होता. रेतीऐवजी गाड्या हलवायच्या असतील तर? शिवाजी पार्कावर शेकडो माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात मीटर, आणि सगळ्यांनी मिळून जागा आणि आकडे यांची एक ठरलेली नवी रचना करायची, कमीत कमी खर्चात. इथे भावाच्या उतारावरून रस्ता वाचता येईल का?

अडचणी दोन. पहिली मघाचीच: जिथे जवळचे रस्ते अगणित असतात तिथे खर्चाला उतारच उरत नाही, आणि या जगात अशी ठिकाणं प्रत्येक अवस्थेला अगदी चिकटून आहेत. दुसरी अडचण मला जास्त मोलाची वाटते. साध्या भूमितीत कुठून निघायचं, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने, एवढं सांगितलं की सर्वांत जवळचा रस्ता ठरून जातो. मीटरच्या जगात तसं होत नाही. सर्वांत जवळचे रस्ते मैदानावर सरळ रेषा असतात किंवा वर्तुळाचे तुकडे. त्याच जागेहून, त्याच दिशेने निघणारी सरळ रेषा आहे, किंचित वळणारी कमान आहे, जोरात वळणारी कमान आहे, आणि वर्तुळ पुरं होईपर्यंत त्या सगळ्याच आपापल्या मुक्कामाला नेणारे सर्वांत जवळचे रस्ते आहेत. दिशा सांगून भागत नाही. आणखी एक आकडा लागतो: स्टिअरिंग किती काटून ठेवायचं.

लुइजी अँब्रोसिओ आणि सेव्हरिन रिगो यांनी २००४ मध्ये हायझेनबर्ग समूहासाठी हे सोडवलं, आणि उत्तरात तो हरवलेला आकडा जिथे सापडतो ती जागा बघून मला पहिल्यांदा वाचताना खरोखर आनंद झाला होता. भावाला उतार तीन दिशांनी असतो. मैदानावरच्या दोन दिशांचा उतार सांगतो कुठे तोंड करून निघायचं आणि किती वेगाने. आणि मीटरच्या दिशेचा उतार, म्हणजे जागा तीच ठेवून मीटर एका चौरस मीटरने वेगळा असता तर भाव किती बदलला असता, तो सांगतो वळण किती घ्यायचं. ज्या दिशेला थेट जाताच येत नाही, त्या दिशेचा भावच स्टिअरिंग ठरवतो. मीटरच्या आकड्याला जिथे काहीच मोल नाही तिथे माणूस सरळ चालतो. जिथे मोल जास्त, तिथे तो जास्त वळसा घेतो, कारण वळशाशिवाय तो आकडा मिळत नाही. माणसं सुरुवातीला नीट पसरलेली असतील तर नियोजन एकच असतं, हेही त्यांनी सिद्ध केलं. खर्चाला उतार नसलेली ती चिकटलेली ठिकाणं आहेत, पण त्यांनी काही बिघडत नाही.

पुढे आंद्रेई अग्राचेव आणि पॉल ली यांनी २००९ मध्ये, आणि अलेसिओ फिगाली व लुडोविक रिफोर यांनी २०१० मध्ये हे हायझेनबर्गच्या पलीकडे, बंधनांच्या बऱ्याच मोठ्या कुटुंबापर्यंत नेलं. फिगाली आणि रिफोर यांची एक युक्ती सांगण्यासारखी आहे: जे कण हलतात आणि जे जागीच राहतात, त्यांचे दोन गट वेगळे काढायचे. अगदी जवळच्या अंतरांचा सगळा त्रास जागीच राहणाऱ्यांकडे जातो, आणि त्यांना हलवायचंच नसतं. फिगाली यांना २०१८ मध्ये फील्ड्स पदक मिळालं, त्यात ऑप्टिमल ट्रान्सपोर्टमधल्या कामाचा मोठा वाटा होता.

हे गणित फक्त गाड्यांचं नाही. मेंदूच्या दृष्टीकेंद्रातल्या पेशी विशिष्ट जागी विशिष्ट कलाची रेघ दिसली की जाग्या होतात, हे ह्यूबेल आणि वीझल यांनी दाखवलं. १९८१ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. जागा आणि कल ही जोडी म्हणजे नेमकी गाडीची अवस्था: कुठे आहे आणि तोंड कुठे. लोकलच्या खिडकीच्या जाळीतून स्टेशनचं नाव तुकड्यातुकड्यांत दिसतं, तरी डोळा रेघा जोडून ते पुरं वाचतो. ही जोडणी या भूमितीतल्या जवळच्या रस्त्यांसारखी होते, अशी मांडणी चित्ती आणि सार्ती यांनी २००६ मध्ये केली. डोळ्याच्या पडद्याच्या फोटोत एकमेकांना ओलांडणाऱ्या रक्तवाहिन्या कॉम्प्युटरने वेगळ्या ओळखाव्यात म्हणूनही हेच रस्ते वापरतात.

आता शेवटचा, आणि मला सर्वांत खोल वाटणारा भाग. जागा किती वळलेली आहे ते ढीग हलवून मोजता येतं. एक ढीग दुसऱ्यात सर्वोत्तम रीतीने नेताना अर्ध्या वाटेवर तो किती पसरलेला असतो, यावरून वक्रतेला खालची मर्यादा घालता येते. २००६ ते २००९ च्या दरम्यान जॉन लॉट, सेड्रिक व्हिलानी आणि कार्ल-थिओडोर श्टुर्म यांनी याची व्याख्या बसवली. वाटलं होतं की ती जवळपास सगळीकडे चालेल. २००९ मध्ये निकोला ज्युइए यांनी दाखवलं की मीटरच्या जगात ती कोणत्याच आकड्याला लागू पडत नाही, मर्यादा कितीही खाली नेली तरी.

पण त्यांच्या हाती दुसरं काही लागलं. मीटरच्या जगात अवस्था सांगायला तीन आकडे लागतात, म्हणून ते तीन मितींचं. चालण्याची मुभा दुप्पट केली की पोचता येणाऱ्या अवस्थांचं घनफळ सोळा पट होतं, कारण मैदानावर दोन्ही बाजूंना दुप्पट आणि मीटरवर चौपट. दोनाचा चौथा घात, म्हणून अंतराच्या हिशेबाने ते चार मितींचं. आणि सगळा ढीग एकाच बिंदूकडे गोळा करायला निघालात तर अर्ध्या वाटेवर त्याचं घनफळ मूळच्या बत्तिसाव्या हिश्श्याच्या खाली कधी जात नाही. साध्या अवकाशात ते आठवा हिस्सा असतं. बत्तीस म्हणजे दोनाचा पाचवा घात, आणि पाचाहून लहान कुठलाही आकडा इथे पुरत नाही. एकाच जगाला तीन, चार आणि पाच अशी तीन मापं, आणि तिन्ही खरी.

दाविदे बारिलारी आणि लुका रिझ्झी यांनी २०१९ मध्ये ही वाट मोठ्या कुटुंबासाठी उघडली. साध्या जागांची वक्रतेची पट्टी इथे आणायचीच नाही, ढीग अर्ध्या वाटेवर किती आकसतो याचं प्रमाण त्या जगाकडूनच घ्यायचं, आणि काय कशापेक्षा कमी होऊ शकत नाही हे सांगणारी सगळी सूत्रं त्यावर उभी करायची. आमच्या गल्लीतल्या फटीत जागा निम्मी झाली की मिळकत चौथाई होते. त्यांच्या सूत्रांत त्या हिशेबाचा वाटा पहिल्या पानापासून धरलेला असतो.